उंच चाकाचें माप

फ्रीव्हील नसलेल्या सायकलीचें चाक फिरतें तोंवर पायांस विसांवा नसतो. म्हणून ती घेणारास दांत्यांचा हिशेब आधीं करावा लागतो. या हिशेबाचें मूळ इतिहासांत आहे.

१८७० नंतरच्या उंच-चाकी सायकलींत पायडलें पुढच्या चाकालाच जोडलेलीं असत. चाक केवढें घ्यावें हें स्वाराच्या पायांची लांबी ठरवी. उंच माणसासच अधिक वेग मिळे. १८८५ सालीं कॉव्हेंट्रीस जॉन केंप स्टार्ले यांनीं साखळीची ‘रोव्हर’ पुढें आणिली आणि हें बंधन सुटलें. पुढें ४८ व मागें १६ दांते असले, कीं पायडलाच्या एका फेऱ्यांत चाकाचे तीन फेरे होतात. २७ इंची चाक ८१ इंची चाकाचें काम करतें. तेवढ्या उंच चाकावर कोण बसूं शकला असता?

इंचांचें तें माप अद्यापि चालतें. सपाटीस मोठा आंकडा मानवतो, चढास लहान. परंतु लहान आंकडा उतारावर पायांची त्रेधा उडवितो. साखळी ढिली राहिल्यास ती उतरते. म्हणून मागचें चाक ओढून ती ताणावी, व पुढें ब्रेक अवश्य ठेवावा. आपल्या रस्त्याचा चढउतार पाहून आंकडा निवडावा, असें आम्हांस वाटतें. निवडीची ही मोकळीक उंच चाकाच्या स्वारास नव्हती.