तुडतुड्यांचा वैरी आणि त्याच्या नांवाचा इतिहास

रत्नागिरीच्या बागाइतदारास हापुसाच्या मोहोराइतकीच त्यावरील तुडतुड्यांचीहि ओळख असते. पाचरीच्या आकाराचा हा इवलासा किडा कोंवळ्या मोहोरांतील रस शोषतो. त्याच्या अंगांतून पाझरणाऱ्या चिकट द्रवानें पानें माखतात व त्यांवर काळी बुरशी चढते. वर्षाचें उत्पन्न मोहोरांतच करपून जावें, ही कोंकणांतील जुनी धास्ती. परंतु तुडतुड्यांनाहि एक वैरी आहे, हें थोड्यांनाच ठाऊक असतें. तो वैरी म्हणजे पिपन्क्युलिडी कुलांतील मोठ्या डोक्याची माशी.

हिचें डोकें जवळजवळ सगळेंच डोळ्यांनीं व्यापलेलें असतें. झाडाझुडपांत अधांतरीं तरंगत ती भक्ष्य हेरते, झडप घालून तें पकडते आणि त्याच्या अंगांत अंडें घालते. अळी यजमानाच्या पोटांतच वाढते आणि वाढ पुरी होतांच त्याचें अंग फोडून बाहेर येते, यजमान मरतो. आंब्याच्या तुडतुड्यांच्या अंगांतहि अशा अळ्या सांपडल्या आहेत.

या माश्यांच्या नांवाचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. दोन पंखांच्या कीटकांचा गण लिनीअसनें १७५८ सालीं आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत मांडला. पुढें १८०० सालीं मायगेन या जर्मन पंडितानें एका लहानशा पुस्तिकेंत प्रस्तुत माश्यांना ‘डोरिलास’ म्हटलें. पण ती पुस्तिका विस्मृतींत गेली. १८०२ सालीं फ्रान्सच्या लात्रेयनें दिलेलें ‘पिपन्क्युलस’ हेंच नांव रूढ झालें व १८३४ सालीं वॉकरनें त्यावरून कुलाचें नांव ठेविलें. १९०८ सालीं हेंडेलनें जुनी पुस्तिका उजेडांत आणली, आणि एकाच कुलाला दोन नांवें चालूं लागलीं! एका नांवाखालीं लिहिलेली माहिती दुसऱ्या नांवानें शोधणाऱ्याच्या हातीं कशी लागावी? अखेर १९६३ सालीं प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें १८०० सालचीं नांवें रद्द ठरविलीं, तेव्हां हा वाद मिटला.

हिंदुस्थानांतील या माश्यांची व्यवस्थित मांडणी ब्रुनेट्टी यानें केली. पेशानें हा गृहस्थ संगीतज्ञ. कलकत्त्यास राहून त्यानें माश्यांचा अभ्यास केला. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेंत त्याचा या कुलासंबंधीचा खंड १९२३ सालीं निघाला.

या कुलाच्या १,४०० हून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. पंखांच्या शिरांवरून पाडलेले त्यांचे गट अळीच्या राहणीवरूनहि पारखावे लागतात. हें कुल तुडतुडे व त्यांच्या भाऊबंदांवरच जगतें, असा समज होता. परंतु त्यांतील ‘नेफ्रोसेरस’ माशी लांब पायांच्या टिपुला माश्यांच्या अंगांत वाढते, असें २००७ सालीं प्रसिद्ध झालें.

तेव्हां वर्गीकरण हा केवळ पंडितांचा खेळ नव्हे. मोहोरावर मारलेलें विषारी औषध तुडतुडा आणि त्याचा वैरी असा भेद करीत नाहीं. तो भेद माणसानेंच करावयाचा. आणि त्यासाठीं आधीं मित्राला नांवानें ओळखावें लागतें.