अडसर, कुलूप आणि रिकामे घर

आषाढ सरत आला आणि दूधगंगेचे पाणी गढूळ होऊन काठच्या काळ्या रानांकडे पसरू लागले, की सदलग्यातील जुन्या घरांची दारे फुगतात. यंदा आमच्या दर्शनी दाराची उजवी फळी डावीवर अशी चढली की कडी कोयंड्यापासून बोटभर अलीकडेच अडू लागली, आणि हातात कुलूप घेऊन उंबरठ्यावर उभे राहण्याखेरीज आम्हांस गत्यंतर उरले नाही. सुतारमामांनी दाराच्या कडेवरून अंगठा फिरविला आणि पिशवीतला रंधा बाहेरही न काढता निकाल दिला : "आत्ता रंधलं तर दसऱ्याला फट पडंल बघा. ऊन पडू द्या." लाकूड ओल शोषून फुगते ते आडवे, उभे जवळजवळ नाहीच, म्हणून अशी दारे उंचीत नव्हे तर रुंदीत अडतात; हे शास्त्र त्यांच्या अंगठ्याला पाठ होते.

त्या रात्री एक गोष्ट ध्यानात आली. दाराच्या मागे, भिंतीतील खोबणीत, आजोबांच्या वेळचा अडसर अजून होता. तो ओढून दोन्ही फळ्यांच्या आड घातला आणि दार निमूट बंद झाले. फळी फुगो वा आटो, अडसराला त्याची क्षिती नसते. त्याची अट एकच, की तो घालण्यास आत कोणीतरी असावे लागते. ज्या काळी हा अडसर भिंतीत बसविला गेला त्या काळच्या घराला ही अट जाचत नसे, कारण घर रिकामे राहणे ही कल्पनाच त्याला अपरिचित होती : माणसे रानात गेली तरी आजी, बाळंतीण किंवा दुखणाईत असे कोणी ना कोणी घरी असेच.

आणि घराबाहेरचा बंदोबस्त हा दाराचा विषय नव्हता, गावाचा होता. पेशवाईच्या अस्तानंतर एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या व्यवस्थेचे वर्णन आहे. गावाचा जागल्या रात्री गस्त घाली, गावात आल्यागेल्यावर आणि परक्या माणसावर नजर ठेवी. चोरी झाली की चोराच्या पावलांचा माग काढीत त्याने शिवेपर्यंत जावे, आणि माग शिवेपलीकडे गेला की तो पुढच्या गावच्या जागल्याच्या स्वाधीन करावा, असा दंडक होता. माग जेथे खुंटे तेथे त्या गावाची जबाबदारी सुरू होई. हे काम बहुधा महारांकडे, कोठे रामोशांकडे, आमच्या बेळगाव भागात बेरडांकडे असे. ज्यांच्या जागरणावर गाव निश्चिंत झोपे, त्यांचीच घरे मात्र गावकुसाबाहेर असत, ही गोष्ट त्या व्यवस्थेचे गुणगान करताना विसरता कामा नये. पुढे १८६७ च्या मुंबई ग्राम-पोलीस कायद्याने गावाचा हा बंदोबस्त सरकारी चौकटीत बसविला.

'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल'पासून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. शिवकालीन किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत अशी अधिकाराची तीन ठिकाणी वाटणी असे आणि दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात असत; म्हणजे कुलपाचे महत्त्व होते ते किल्ल्याला, खजिन्याला, कोठाराला. आमच्या सीमाभागात आणखी एक गंमत आहे. कानडीत किल्लीला 'कीलिकै' म्हणतात, आणि 'कै' म्हणजे हात. धनी परगावी असता कुलपाला ओळखू यावा असा त्याचा एक लोखंडी हात, असा अर्थ मी मनाशी लावून ठेवला आहे.

हा हात सामान्य गृहस्थाच्या खिशात आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिराने अभेद्य समजली जाणारी इंग्रजी कुलपे उघडून दाखविली आणि कुलूपकारांची झोप उडविली. १८९७ साली आर्देशर गोदरेज यांनी मुंबईत लालबागेत कुलपांचा कारखाना काढला, आणि विलायती मालाच्या तोडीचे देशी कुलूप बाजारात आले. इकडे निपाणीला तंबाखूची पेठ वाढली. १९४३ साली तंबाखूवर अबकारी बसली, आणि कर भरेपर्यंत माल परवान्याच्या वखारीत ठेवणे भाग पडले. गस्तवाल्याच्या जागरणापेक्षा वखारीच्या दारावरील लोखंडाला अधिक मोल येण्याचा तो काळ होता.

याच्या उलट टोकाला नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर. शनिदेव राखणदार आहे या श्रद्धेने तेथील घरांना दारांची चौकट असते, पण कुलूप नसते. २०११ साली युको बँकेनेही तेथे बिनकुलपाची शाखा उघडली. परंतु २०१५ साली त्याच गावात पोलीस ठाणेही आले. हे पाहून श्रद्धा खोटी ठरली असे कोणी म्हणेल. मला इतकेच दिसते, की दाराला कुलूप नसले तरी जागल्याची जागा गावाला कधी रिकामी ठेवता येत नाही. पूर्वी ती बेरडाने भरली, तेथे देवाने भरली, आता शिपायाने.

कुलूप ही मुळात चोर अडविण्याची युक्ती असेल, पण आपल्या घरांत ते आले ते घर रिकामे सोडण्याची सोय म्हणून. नोकरी, शाळा, चिक्कोडीची कचेरी, इचलकरंजीचा बाजार यांनी घराबाहेर नेलेल्या माणसांची ती तजवीज आहे. आमच्या दाराला बरेच आठवडे कुलूप लागले नाही, तेवढे दिवस आम्ही पाळीपाळीने घरी राहिलो. आणि एके दिवशी सगळ्यांनाच निपाणीला जाणे भाग पडले तेव्हा शेजारच्या आक्का भाजी निवडायची परात घेऊन आमच्या कट्ट्यावर येऊन बसल्या. "जावा निवांत," म्हणाल्या, "मी हाय की हितं." भाद्रपदात ऊन पडले, दार आटले आणि कडी पुन्हा कोयंड्यात बसली. आक्का मात्र त्यानंतर परात घेऊन आल्या नाहीत. आता त्यांना यायचे कारण उरलेले नाही.