पाइन लागवडीतील पाणीवापर

लाकडासाठी लावलेल्या पाइन वृक्षांमुळे पर्जन्यजलाचा जो वाटा ओढ्या-नद्यांना न मिळता बाष्परूपाने वातावरणात परत जातो, त्यास पाइन लागवडीतील पाणीवापर असे म्हणतात. मुळांनी शोषलेल्या पाण्याचे पानांवाटे होणारे बाष्पोच्छ्वसन आणि पानांवर अडकलेल्या पावसाचे जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच होणारे बाष्पीभवन, हे त्याचे दोन मुख्य भाग होत. या विषयाचा दीर्घकालीन अभ्यास विशेषतः दक्षिण आफ्रिकेत झाला आहे.

== पावसाची घट ==
पाइनची पाने सुईसारखी व दाट असल्याने त्यांचा एकूण पृष्ठभाग मोठा असतो. पावसाच्या सरीचा आरंभीचा भाग या सुयांना व फांद्यांना भिजवण्यातच खर्च होतो. उरलेले पाणी सुयांमधून ठिबकते किंवा खोडावरून ओघळते. जमिनीवर साचलेल्या वाळक्या सुयांचा थरही त्यातील काही शोषून घेतो. उंच व खडबडीत पर्णछत्रामुळे वारा ढवळला जातो आणि ओल्या सुया लवकर सुकतात. म्हणून एकाच मोठ्या पावसापेक्षा थांबून थांबून पडणाऱ्या हलक्या सरींत घटीचे प्रमाण अधिक असते. पाइन सदाहरित असल्याने हा खर्च पानगळीच्या ऋतूतही थांबत नाही.

== दक्षिण आफ्रिकेतील प्रयोग ==
या देशात नैसर्गिक उंच वने एक टक्क्याहूनही कमी भूमीवर आहेत. लाकडाची गरज भागवण्यासाठी कॅलिफोर्नियातील पाइनस रेडिएटा व मेक्सिकोतील पाइनस पॅट्युला या परक्या जाती गवताळ डोंगरांवर व फाइनबॉस या झुडपी प्रदेशात लावण्यात आल्या. त्यामुळे खालच्या अंगाचे ओढे आटतात, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. तिची शहानिशा करण्याच्या हेतूने 1935 नंतर स्टेलनबॉशजवळच्या योंकर्सहुक खोऱ्यात प्रयोग सुरू झाले. शेजारशेजारच्या पाणलोटांपैकी काहींत टप्प्याटप्प्याने पाइन लावले, एक मूळ वनस्पतीसह तसाच राखला आणि प्रत्येक ओढ्याचा प्रवाह बंधाऱ्यावर मोजला. एकट्या ओढ्याची नोंद पाहिली असती, तर घट पाइनमुळे झाली की अवर्षणामुळे, हे सांगता आले नसते. लावलेल्या पाणलोटांतील प्रवाह झाडे वाढू लागताच घटू लागला.

पूर्वेकडील मोकोबुलान येथील निष्कर्ष अधिक बोलका आहे. तेथील गवताळ पाणलोटांपैकी एकात 1969 मध्ये निलगिरी व दुसऱ्यात 1971 मध्ये पाइन लावले. निलगिरीखालचा ओढा नवव्या वर्षी, तर पाइनखालचा बाराव्या वर्षी पूर्ण कोरडा पडला. निलगिरी सोळाव्या वर्षी तोडल्यावरही ओढा बारमाही वाहू लागण्यास आणखी पाच वर्षे लागली, कारण मुळांनी खोलवरच्या जमिनीतील साठाही रिता केला होता.

== अन्यत्र ==
अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यातील कोवीटा येथे पानगळीचे वन तोडून पांढरा पाइन लावल्यावर सुमारे 15 वर्षांत वार्षिक प्रवाह अपेक्षेपेक्षा सुमारे 200 मिलिमीटरने कमी भरला. येथे पूर्वीही जंगलच होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ‘झाडे लावली की पाणी वाढते’ हे विधान त्यामुळे सरसकट स्वीकारता येत नाही. कोणत्या वनस्पतीच्या जागी कोणते झाड लावले, हे पाहावे लागते. याच कारणाने परक्या पाइनविषयीचे हे आकडे हिमालयातील मूळच्या चीड वनांना जसेच्या तसे लावणेही योग्य नव्हे.

== कायदा ==
दक्षिण आफ्रिकेत 1972 पासून नव्या लागवडीसाठी परवाना आवश्यक झाला. 1998 च्या राष्ट्रीय जल कायद्याने व्यापारी वनलागवडीस ‘प्रवाह घटवणारी कृती’ ठरवले. त्यामुळे कालव्यातून पाणी उचलणाऱ्या बागायतदाराप्रमाणे पाइनचा मळेवालाही, नदीतून थेंबभर पाणी न उचलता, कायद्याने पाणीवापरकर्ता ठरतो. वार्षिक सरासरीपेक्षा कोरड्या ऋतूतील प्रवाहाचा प्रश्न येथे अधिक नाजूक आहे. कारण ओढ्यात आधीच थोडे पाणी असते आणि खालच्या गावांना व शेतीला ते नेमके तेव्हाच लागते. मळ्याबाहेर बी पसरून डोंगरांवर आपोआप वाढलेले पाइन हा वेगळा प्रश्न असून, अशी परकी झाडे तोडण्यासाठी 1995 पासून ‘वर्किंग फॉर वॉटर’ हा शासकीय कार्यक्रम राबवला जातो. त्यातून ग्रामीण भागातील बेरोजगारांना कामही मिळते.