एअर पिस्तुलाचा चाप : घरी काय करावे, काय टाळावे

दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर असतो. पिस्तुलाची मागची खाच आणि पुढची माशी यांत साधारण ३३ सेंटिमीटर अंतर असते. चाप ओढताना माशी एक मिलिमीटर जरी सरकली, तरी छर्रा लक्ष्यावर सुमारे तीन सेंटिमीटर बाजूला जातो. म्हणूनच नवोदित नेमबाजाचे लक्ष लवकरच चापाकडे वळते आणि तो हलका करण्याचा मोह होतो. मात्र चाप हलका करणे आणि चाप सुधारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

चापाची रचना

स्पर्धेच्या पिस्तुलाचा चाप बहुधा दोन टप्प्यांत चालतो. पहिल्या टप्प्यात बोट सैलपणे मागे येते. त्यानंतर स्पष्ट अटकाव जाणवतो. तो ओलांडताच आतला खटका सुटतो आणि छर्रा निघतो. दोन्ही टप्प्यांचे वजन, पहिल्या टप्प्याची लांबी, चापाच्या पात्याची जागा आणि छर्रा सुटल्यावर पाते जेथे थांबते ती मर्यादा यांसाठी सहसा स्वतंत्र स्क्रू असतात. कोणता स्क्रू कशाचा, हे त्या पिस्तुलाच्या माहितीपुस्तिकेतूनच ठरवावे.

नियमाची मर्यादा

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमानुसार एअर पिस्तुलाच्या चापाचे वजन किमान ५०० ग्रॅम असावे लागते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी ज्यात २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, त्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात ही मर्यादा १००० ग्रॅम आहे. तपासणीत नळी उभी धरून चापाला ठरावीक वजन अडकवतात आणि पिस्तूल वर उचलतात. वजन उचलले जाण्यापूर्वीच खटका सुटला, तर पिस्तूल नापास ठरते. चाप नेमका ५०० ग्रॅमवर न ठेवता दहा-वीस ग्रॅम अधिक ठेवणे हिताचे असते.

घरी करण्याजोगे

प्रथम पिस्तूल रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करावी, छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत ठेवावी आणि नळी सदैव सुरक्षित दिशेला असावी. पिस्तुलात कोऱ्या सरावाची सोय असल्यास ती वापरावी. मूळ मांडणी वहीत नोंदवावी. एका वेळी एकच स्क्रू आणि तोही पाव फेराच फिरवावा.

आरंभ पात्याच्या जागेपासून करावा. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य पात्यावर यावा आणि बोट सरळ मागे यावे. पुष्कळांची तक्रार एवढ्यानेच मिटते. त्यानंतर वजनाची वाटणी पाहावी. नवशिक्याने मोठा वाटा पहिल्या टप्प्याला द्यावा, म्हणजे अटकावापर्यंत बोट निर्धास्तपणे येते. शेवटी थांब्याचा स्क्रू असा लावावा की खटका सुटल्यावर पाते फार मागे जाणार नाही. तो अती घट्ट केला, तर खटका सुटतच नाही.

प्रत्येक बदलानंतर पिस्तूल रिकामेच ठेवून परीक्षा घ्यावी. भरणीचे झाकण बंद करताना खटका आपोआप सुटता कामा नये. पहिला टप्पा ओढून सोडून दिल्यास पाते मूळ जागी परतले पाहिजे. यांपैकी काहीही चुकल्यास मूळ मांडणीवर परत यावे.

घरी न करण्याजोगे

स्प्रिंग कापणे, खटक्याची कड कानशीने घासणे किंवा तिला चकाकी आणणे कटाक्षाने टाळावे. ही कड सूक्ष्म मापाची असते. ती झिजली की पिस्तूल साध्या धक्क्यानेही सुटू शकते आणि घासलेला धातू परत येत नाही. एअर पिस्तुलाच्या छर्ऱ्यानेही डोळा कायमचा जाऊ शकतो. इलेक्ट्रॉनिक चापाची दुरुस्ती जाणकाराकडेच सोपवावी.

कायद्याची रेषाही स्पष्ट आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार ०.१७७ इंचापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवाई शस्त्रांना परवाना लागत नाही. काडतुसाच्या पिस्तुलाचे तसे नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकांची दुरुस्ती वा त्यांत फेरफार करण्याच्या व्यवसायाला परवाना आवश्यक आहे. म्हणून असे पिस्तूल परवानाधारक कारागिराकडेच न्यावे.

विश्वास हाच खरा निकष

२०२१ मध्ये टोकियोत पात्रता फेरी चालू असताना मनू भाकर यांचे पिस्तूल बिघडले. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. २०२४ मध्ये पॅरिसला त्याच प्रकारात त्यांनी कांस्यपदक मिळवले. चापाचा खरा गुण हलकेपणात नसून दर वेळी सारखेच वागण्यात आहे. एकदा मांडणी जमली की किमान महिनाभर स्क्रूला हात लावू नये. रोज पंधरा मिनिटे कोऱ्या भिंतीसमोर रिकाम्या पिस्तुलाने चाप ओढण्याचा सराव करावा. माशी न हलता खटका सुटू लागला की सुधारणा झाली असे समजावे.