स्वेर्ट्सच्या आयुष्याचे दोन तुकडे

ब्रसेल्समध्ये 1618 साली बाप्तिस्मा झालेला मिखाएल स्वेर्ट्स 1664 साली गोव्यात, पोर्तुगीज जेझुइटांच्या आश्रयाला असताना वारला. त्याच्याविषयी लिहिताना आयुष्याचे दोन तुकडे पाडण्याची रीत आहे: आधी रोममध्ये नाव कमावून पोपचा पुतण्या कामिल्लो पाम्फिली याच्यासाठी काम करणारा गुणी चित्रकार, मग धर्माच्या नादाने कलेवर पाणी सोडून मिशनबरोबर पूर्वेकडे गेलेला विक्षिप्त. ही वाटणी सोयीची खरी, पण चित्रांच्या साक्षीपुढे टिकत नाही.

रोममध्ये तो 1646 पासून आढळतो. नेदरलँड्सकडच्या ‘बाम्बोच्चांती’ चित्रकारांनी तिथे रस्त्यावरची गरिबी रंगवून गिऱ्हाईक मिळवले होते आणि गरिबाची गंमत करण्याकडे त्यांचा बराच कल असे. स्वेर्ट्सचे विषय तेच, नजर निराळी. ‘दयेची सात कृत्ये’ या मालिकेतले भुकेले, तहानलेले, उघडे लोक प्राचीन पुतळ्यांच्या भारदस्तपणाने उभे आहेत. आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियममधल्या ‘चित्रकाराची कार्यशाळा’ या चित्रात तर खुद्द चित्रकार मागे सरला आहे. पुढे प्लास्टरच्या मस्तकांचा नि धडांचा ढीग, आणि कातडी सोललेल्या मानवी पुतळ्यावरून रेखाटन करणारा एक मुलगा. 1656 पर्यंत स्वेर्ट्सने ब्रसेल्समध्ये मनुष्याकृती शिकवणारी चित्रशाळा उभी केली. भिंतीवरच्या विणीव चित्रपडद्यांचे नमुने काढणाऱ्यांनाही तिचा उपयोग व्हावा, हा हेतू होता. त्याच वर्षी त्याने विद्यार्थ्यांना गिरवायला चेहऱ्यांची छापचित्रे काढली. दया आणि शिकवण ही मिशनऱ्याची दोन्ही कामे अशी आधीपासूनच त्याच्या हातात होती.

दया हा तर त्या काळचा ठरीव विषय, गिऱ्हाइकाने सांगितला की काढायचा, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे, नुसत्या विषयावरून माणसाचे मन कळत नाही. पण विषय गिऱ्हाइकाचा असला तरी मांडणी चित्रकाराचीच असते, आणि चित्रशाळा काही कुणाच्या भिंतीसाठी काढलेली नव्हती. दुसरा आक्षेप, स्वेर्ट्सच्या विक्षिप्तपणाचा, अधिक वजनाचा आहे. जानेवारी 1662 मध्ये तो बिशप फ्रान्स्वा पालू यांच्या फ्रेंच मिशनबरोबर मार्सेयहून पूर्वेकडे निघाला. वाटेत सगळ्यांशी वाद घालू लागला आणि इराणात त्याला वेगळे करण्यात आले. त्याचे मन त्याच्या ताब्यात नाही, असा पालूंचा अभिप्राय पडला. मात्र यातून तो सोबतीला अवघड होता एवढेच सिद्ध होते. मोहिमेतून काढल्यावर तो घरी परतला नाही. थेट रोमच्या अधिकाराने आलेल्या फ्रेंच बिशपांना पोर्तुगीजांचा कडवा विरोध होता. तरी तो त्याच पोर्तुगीजांच्या गोव्यात गेला. निष्ठा संस्थेपेक्षा कामाशी होती, असाच याचा अर्थ मला लागतो.

मग तो विस्मरणात का गेला? कलेचा इतिहास देशवार लिहिला जातो आणि त्यात स्वेर्ट्सला वारसदार देश मिळाला नाही. त्याचे ‘प्राचीन नगरातील प्लेग’ हे चित्र दीर्घकाळ फ्रेंच चित्रकार पुसँचे म्हणून खपले, ते चित्र थोर आहे म्हणूनच. विसाव्या शतकात अभ्यासकांनी त्याची चित्रे पुन्हा त्याच्या नावावर जमवली. आता त्याचे आयुष्यही तसेच सलग वाचले पाहिजे.