मेरुरज्जूच्या आघातानंतरची मूत्राशय-शस्त्रक्रिया

पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मेरुरज्जूला इजा झाल्यावर मूत्राशयाच्या भरण्यावरचा आणि रिकामे होण्यावरचा ताबा सुटतो. अशा वेळी शुश्रूषा, औषधे व लघवीची नळी यांनी भागत नाही ते साधण्यासाठी मूत्राशय, मूत्रमार्ग किंवा त्यांचे मज्जातंतू यांवर ज्या शस्त्रक्रिया केल्या जातात त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. रुग्णाला व त्याच्या घरच्यांना रोज छळते ती ओली चादर. परंतु शल्यविशारद मूत्राशयावर शस्त्र चालवतो ते प्रथम वृक्के (मूत्रपिंडे) वाचवण्यासाठी, आणि अनेक शस्त्रक्रियांतून नेमकी कोणती निवडावी हे मूत्राशयाच्या अवस्थेइतकेच रुग्णाच्या बोटांत किती बळ शिल्लक आहे यावर ठरते.

निरोगी माणसात मूत्रविसर्जनाचा सारा कारभार मस्तिष्क-स्तंभातील एका केंद्राच्या हुकुमाने चालतो. मूत्राशयाची भिंत आकुंचन पावते त्याच क्षणी मूत्रमार्गाचा परिसंकोची स्नायू सैल पडतो, आणि हा हुकूम मेरुरज्जूच्या त्रिक भागातील दुसऱ्या ते चौथ्या खंडांपर्यंत पोहोचवण्याचे काम मेरुरज्जू करतो. आघात या खंडांच्या वर झाला असेल, तर आरंभीचे काही आठवडे वा महिने मूत्राशय निपचित पडून राहते आणि मग ते आपल्याच प्रतिक्षेपाने आकुंचन पावू लागते. परंतु वरचा हुकूम खाली येत नसल्यामुळे परिसंकोची स्नायूही नेमका त्याच वेळी आवळला जातो, म्हणजे दार आतून ढकलावे आणि त्याच क्षणी कोणी बाहेरून कडी घालावी तशी गत होते. आतला दाब चढतो, भिंत जाड व आखूड होते, मूत्र उलट दिशेने मूत्रवाहिन्यांत शिरते आणि वृक्के हळूहळू निकामी होतात. एडवर्ड मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये जन्मजात मेरुदोष असलेल्या मुलांत दाखवून दिले, की मूत्र गळू लागण्याच्या क्षणी मूत्राशयातील दाब पाण्याच्या ४० सेंमी.हून अधिक असेल तर वृक्कांची हानी होण्याचा संभव फार वाढतो. तेव्हापासून हा आकडा शस्त्रक्रियेची वेळ ठरवताना सर्वत्र जमेस धरला जातो. छातीच्या सहाव्या खंडाच्या पातळीवर किंवा तिच्या वर इजा असलेल्यांत भरलेले मूत्राशय रक्तदाब एकाएकी इतका चढवते, की डोके ठणकते, घाम सुटतो आणि प्रसंगी मेंदूत रक्तस्रावही होतो.

या व्याधीची नोंद प्राचीन इजिप्तच्या शल्यविषयक पपायरसात आहे; हातापायांचे भान हरपलेल्या व नकळत मूत्र ठिबकणाऱ्या रुग्णास तेथे उपचारापलीकडचा मानले आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत त्या निदानात फारसा फरक पडला नव्हता, कारण असे बहुतेक जखमी मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने किंवा शय्याव्रणांनी थोड्याच काळात दगावत. लूटव्हिख गुटमान यांनी १ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल येथे सुरू केलेल्या विभागाने ही स्थिती पालटली, आणि जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये मांडलेला मार्ग, म्हणजे रुग्णाने केवळ स्वच्छ (निर्जंतुक नव्हे) नळी स्वतःच ठरावीक वेळी घालून मूत्राशय रिकामे करावे, हा आजही सर्व उपचारांचा पाया आहे. बोट्युलिनम विष दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत टोचण्याची रीत २००० पासून रूढ झाली व तिने पुष्कळ शस्त्रक्रिया टाळल्या. मात्र तिचा अंमल काही महिनेच टिकतो, आणि जेथे ती पुरत नाही तेथेच शस्त्राकडे वळावे.

हातांत नळी धरण्याचे बळ नसलेल्या पुरुष रुग्णासाठी सर्वांत जुनी तजवीज म्हणजे दुर्बिणीतून परिसंकोची स्नायू छेदणे. रॉस, गिबन व दामान्स्की यांनी १९५८ मध्ये तिचे वर्णन केले. छेद घड्याळातील बाराच्या स्थानी घेतला तर रक्तस्राव आणि पुरुषत्वाची हानी कमी होते. त्यानंतर मूत्र अनिर्बंध वाहते व शिश्नावर चढवलेल्या रबरी आवरणातून पिशवीत जमते; स्त्रियांसाठी असे समाधानकारक साधन नसल्यामुळे ही शस्त्रक्रिया पुरुषांपुरतीच राहिली. छेद व्रणाने पुन्हा आवळण्याची शक्यता असल्याने ती अनेकदा पुन्हा करावी लागते.

ज्याच्या हातांत बळ आहे त्याच्यासाठी मूत्राशय मोठे करण्याची शस्त्रक्रिया अधिक श्रेयस्कर होय. मूत्राशय शिंपल्यासारखे उभे चिरून त्यात शेषांत्राचा तुकडा शिवला जातो. हा तुकडा आधी लांबीच्या दिशेने उघडून सपाट करावा लागतो, कारण नळीच्याच आकारात ठेवला तर आतड्याच्या स्वाभाविक लाटा दाब पुन्हा चढवतात. दाब उतरतो, ओल थांबते, पण आतडे आपला धर्म सोडत नाही: ते श्लेष्म स्रवत राहते, तो पाण्याने धुऊन काढावा लागतो, न काढल्यास खडे होतात, रक्तात आम्लता वाढते, आणि आयुष्यभर नळी घालावी लागते. हे बंधन आधी न समजावता शस्त्रक्रिया करणे हा रुग्णावर अन्याय होय.

पॉल मित्रोफानॉफ या फ्रेंच शल्यविशारदांनी १९८० मध्ये आंत्रपुच्छाचे एक टोक मूत्राशयात व दुसरे पोटाच्या त्वचेवर आणून एक चिंचोळा मार्ग सिद्ध केला. चाकांच्या खुर्चीतील स्त्रीला मूत्रमार्गात नळी घालायची तर खुर्चीवरून उतरून, कपडे सोडून, आरशात पाहून घालावी लागते. बेंबीतल्या छिद्रातून तेच काम पदर बाजूला करून बसल्या जागी होते. माझ्या मते या सर्व शस्त्रक्रियांत माणसाची प्रतिष्ठा इतक्या थोड्या साहित्यात परत देणारी दुसरी नाही.

जाइल्स ब्रिंडली या ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिकांनी योजलेला उपाय निराळ्या जातीचा आहे. त्रिक भागातील पुढच्या मज्जामूळांवर विद्युत्‌-अग्रे बसवून त्वचेखाली ग्राहक ठेवतात. रुग्ण बाहेरून प्रेषक त्यावर धरतो. विद्युत्‌-स्पंदांनी मूत्राशय व परिसंकोची दोन्ही आकुंचित होतात, पण परिसंकोची चटकन सैल पडतो आणि मूत्राशय सावकाश, म्हणून स्पंदांच्या मधल्या विरामांत मूत्र पिचकाऱ्यांनी बाहेर येते. सोबत मागची मज्जामूळे छेदली तर अनैच्छिक आकुंचने थांबतात. मात्र त्यायोगे प्रतिक्षेपी शिश्नोत्थान व उरलेली संवेदना कायमची जाते, सबब अनेक रुग्ण नकार देतात आणि तो नकार योग्यच मानला पाहिजे.

मूत्राशय सैल पडून मूत्र केवळ गळत असेल, तर द्रवाने फुगणारा कृत्रिम परिसंकोची बसवता येतो. आतला दाब कमी असल्याची खात्री करूनच तो बसवावा, कारण उच्च दाबाच्या मूत्राशयाचे तोंड बंद केल्यास वृक्कांचा नाश ओढवतो. काहीच न जमल्यास ओटीपोटातून कायमची नळी, अथवा ब्रिकर यांनी १९५० मध्ये वर्णिलेला शेषांत्राचा मार्ग करून पोटावर पिशवी, हे उपाय राहतात.

शस्त्रक्रिया कोणतीही असो, तपासणी जन्मभर चालवावी लागते: दरवर्षी वृक्कांची श्राव्यातीत चित्रे, ठरावीक मुदतीने दाबाचे मापन, आणि आतडे वापरले असल्यास पुढे ब-१२ जीवनसत्त्वाची पातळी व अर्बुदाकडे लक्ष. रक्तातील क्रिएटिनिनवर मात्र फार विसंबू नये; पांगळ्या अवयवांचे स्नायू झिजलेले असल्यामुळे तो पदार्थ मुळातच कमी तयार होतो, आणि वृक्के बरीच बिघडली तरी त्याचा आकडा कागदावर प्राकृत दिसत राहतो.