चपल राणी ते चित्रांगदा

आपल्या सिनेमाची पहिली नायिका पुरुष होती. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ करताना दादासाहेब फाळके यांना तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात आचारी असलेल्या अण्णा साळुंके यांना त्यांनी साडी नेसवली. हा किस्सा आपण कौतुकाने सांगतो. बालगंधर्वांच्या शालूविषयी तर विचारायलाच नको. पण पडदा पडल्यावर, साडी फेडल्यावर नटाच्या मनात काय उरत असेल, हे आपण फारसं विचारलं नाही. बंगालमध्ये ते सिनेमाने विचारलं, आणि त्यासाठी ऋतुपर्ण घोष यांना स्वतःचा देह पडद्यावर आणावा लागला.

ऋतुपर्ण घोष यांचा जन्म १९६३ चा. ‘उनिशे एप्रिल’, ‘चोखेर बाली’, ‘रेनकोट’ हे त्यांचे चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. दिग्दर्शक म्हणून नाव झालेलं असताना, पंचेचाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी कौशिक गांगुली यांच्या ‘आरेकटी प्रेमेर गल्पो’ या २०१० च्या चित्रपटात मुख्य भूमिका केली. नावाचा अर्थ ‘आणखी एक प्रेमकथा’. त्यातला अभिरूप हा दिग्दर्शक चपल भादुरी यांच्यावर माहितीपट करायला कोलकात्याला येतो.

चपलबाबू हे खरेखुरे नट. जात्रा, म्हणजे बंगालच्या फिरत्या लोकनाट्यात स्त्रीभूमिका करून ते ‘चपल राणी’ म्हणून गाजले. मग जात्रेत बायका कामं करू लागल्या आणि राणीचं राज्य गेलं. पुढे ते शीतला देवीचं रूप घेऊन खेळ करत. चित्रपटात म्हातारे चपलबाबू स्वतः आहेत आणि तरुण चपल राणी झाले आहेत ऋतुपर्ण. एकाच चेहऱ्यावर दोन पिढ्या! पहिलीला बाईपण फक्त दिव्यांच्या उजेडात माफ होतं, दुसरी ते दिवसाढवळ्या वागवते.

त्याच वर्षी आपल्याकडे ‘नटरंग’ आला. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा तमाशासाठी नाच्या होतो. तिथे कलेसाठी देह वाकतो आणि मन पुरुषाचंच राहतं. ऋतुपर्णांची गोष्ट नेमकी उलटी आहे.

ती त्यांनी २०१२ मध्ये ‘चित्रांगदा’त सांगितली. मूळ कथा महाभारतातली, पण बंगाली मनात बसलेली आहे ती टागोरांची. त्यांनी १८९२ मध्ये तिचं काव्यनाटक केलं आणि १९३६ मध्ये नृत्यनाट्य. मणिपूरच्या राजाने मुलासारखी वाढवलेली मुलगी अर्जुनावर भाळते, मदनाकडे वर्षभराचं रूप मागून घेते आणि त्या उसन्या रूपालाच विटते. चित्रपटातला रुद्र चटर्जी हेच नृत्यनाट्य बसवतो आहे. पार्थ नावाच्या वादकावर त्याचं प्रेम आहे. पार्थ हे अर्जुनाचंच नाव. पार्थला मुलांची ओढ. पण दोन पुरुषांना मिळून मूल दत्तक मिळत नाही. म्हणून रुद्र स्त्री व्हायचं ठरवतो. शस्त्रक्रिया सुरू होतात आणि पार्थच मागे सरतो. बाईच हवी असती तर खरीच केली असती, असा त्याचा रोख.

मला यात रुद्रचा व्यवसाय महत्त्वाचा वाटतो. नृत्य बसवणारा दुसऱ्यांच्या देहांना आकार देतो, त्याला टाळ्या पडतात. तोच स्वतःच्या देहाला आकार द्यायला निघाला की घरदार हादरतं. समुपदेशकाबरोबरचे संवाद जरा लांबलेत खरे. पण या देहाला जन्म मी दिला, तो बदलणार असेल तर मला कळायला नको का, असं जेव्हा आई विचारते, तिथे लेखणी कुणाचीच बाजू घेत नाही. शेवटच्या शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावर रुद्र थबकतो. काहींना ती माघार वाटेल. मला वाटत नाही. दुसऱ्यासाठी घेतलेला निर्णय त्याने स्वतःच्या हाती परत घेतला.

हे सांगताना मी मात्र वाक्यावाक्याला अडखळतो आहे. बंगालीत ‘तो’ आणि ‘ती’ असा भेद नाही. क्रियापदालाही लिंग नाही. ‘रुद्र आला’ आणि ‘रुद्र आली’ यांना तिथे एकच वाक्य. आमच्या उर्दू गझलेत निदान प्रेयसीलाही पुल्लिंगी क्रियापद लावायची सोय आहे. मराठीत निकाल दिल्याशिवाय वाक्य संपत नाही. आदरार्थी ‘त्यांनी’ थोडं वाचवतं, पण पुढे ‘गेले’ की ‘गेल्या’, तिथे पुन्हा गाडं अडतंच.

३० मे २०१३ रोजी, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी ऋतुपर्णांचं निधन झालं. आपलं लिंग आपण ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो १५ एप्रिल २०१४ रोजी. ते पाहायला ते नव्हते. आणि रुद्र-पार्थ जिथे अडले त्या दत्तकाच्या प्रश्नावर त्याच न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल दिला. पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी नकार दिला.